प्रत्येक औषधापुढे आर

आबा, बाप असलात तरी तुमच्यावरचा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगते. आखातातल्या कारखान्यात वेल्डिंग करताना तुमच्या पायावर लोखंडी प्लेट पडली, तिथल्याच दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि तुम्ही शिरपूरला घरी आलात ते वाहती जखम घेऊन. पट्टी बदलताना आईचा हात जरा जड पडला, की चांगल्या पायाने तुम्ही तिच्या छातीत लाथ घालायचात. एकदा ती पेटत्या चुलीवर पडली. हात कोपरापर्यंत भाजला, आणि तुम्ही ओरडत होतात, "आते मनी पट्टी कोण बांधी?" तेव्हापासून पट्टी मी बांधू लागले.

डॉक्टरांनी जखमेतला पू तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट धुळ्याच्या लॅबमधून मीच आणला. मी नववीत, घरात इंग्रजी वाचणारी एकटीच. औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे इंग्रजी आर. आमच्या बाई बरोबर उत्तरापुढे असाच आर काढायच्या, राइटचा. "काय लिखेल शे?" तुम्ही विचारलंत. मी ऐटीत म्हटलं, "आबा, बठ्ठा औषधं बरोबर शेतस, एकूण एक!" तुम्ही तिकडून आणलेल्या कॅप्सूलचं नावही त्या यादीत होतं. माकडाच्या हाती मी कोलीतच दिलं. चिडा, आता काय करणार आहात? "मंग डाक्टरकडे कसाले जावानं?" म्हणत तुम्ही आठ दिवस त्याच कॅप्सूल खाल्ल्या.

नवव्या दिवशी तापाने फणफणलेल्या तुम्हाला आम्ही दवाखान्यात आणलंय. घोट्यापर्यंत पाय काळा. डॉक्टर रिपोर्ट बघतात आणि माझ्याकडे वळतात. "अगं, आर म्हणजे रेझिस्टंट! यातल्या एकाही औषधाला हे जंतू दाद देत नाहीत." खाटेजवळचा तांब्या तुम्ही नेम धरून मारता. माझी भुवई फुटते, रक्त डोळ्यात उतरतं. "तूच मारी टाकं माले!" तुमचं शेवटचं धड बोलणं तेच. मांडीपासून पाय कापला तरी विष अंगभर गेलं होतं, आणि चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

पोर अजाण होती, वाचण्यात चुकली, असं सगळे म्हणतात. मीही तेच सांगत आले, आणि आर मला खरोखरच बरोबर वाटला होता. तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. पाचव्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा तुमच्या पायाची बोटं काळी पडलेली मला दिसली होती. मी वर नवी पट्टी बांधली आणि गप्प बसले. औषध लागू पडतंय म्हणून तुम्ही खुशीत होतात, आणि पाच दिवसांत तुम्ही आईला एकदाही मारलं नव्हतं.