माझा हात लागलेला कागद

रेश्मा पोरी,
मलकापूरहून तुझ्या सासूचा जयभीम.

धम्मपाल काल मिरजेच्या डॉक्टरांना भेटून आला आणि माझ्यापुढं बसून रडला. म्हणाला, "आई, तिला आजार हाय. कशालाबी हात लागला की तिला वाटतं, आता आपल्यामुळं घरात कुणाला तरी काय व्हईल. हात धुतलं की भीती घटकाभर जाती, परत येती. उगीचची हाय हे तिलाबी कळतं, पर थांबता येत न्हाई."

मी काय समजून बसले, सांगू? तू मराठ्याची लेक, आमच्यात सून होऊन आलीस. मी प्यालेला कप सात-सात वेळा धुवायचीस. माझ्या आईच्या ओंजळीत गावातली माणसं लांबनं, वरनं पाणी ओतायची, तेच मला दिसायला लागलं. चार बायकांत म्हणाले, "आमचा विटाळ हुतोय व्हय गं? मग जा तुझ्या कोरेगावला!"

तू सोललेलं, रक्ताळलेलं हात ओढणीत लपवलंस आणि गेलीस.

तुझ्या आईनं आणलेला डबाबी तू तसाच धुतला हुतास. मी बघितलं हुतं. बघून गप बसले, कारण राग सोडायचा नव्हता मला.

माफी मागायला हे लिहिलं, पर टपालपेटीत टाकणार न्हाई. माझा हात लागलेला कागद तू हातात घेशील, वाचशील आणि परत मोरीकडं जाशील.

तुझी सासू,
बाळाबाई