मास्कची सवय

माजिवडा, ठाणे
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
विनीतचा नमस्कार.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे कागदावर. शाळेच्या पेपरातल्या पत्रानंतर हे माझं पहिलंच, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शिवाय उजव्या मनगटाला पट्टी आहे. उद्या शहाडला येऊन दाजींच्या दुकानात ठेवून जाईन, वर घरी येत नाही.

बातमी सान्वीची आहे. गणपतीत तिला फिट आली. ताप नव्हता, काही नव्हतं. मोदक हातात धरून बसली होती आणि डोळे फिरले. आठ दिवसांनी पुन्हा. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय सांगितलाय, येत्या गुरुवारी सकाळी आठला. चार वर्षांचं पोर त्या नळकांड्यात अर्धा तास न हलता पडणार नाही, म्हणून भूल देणार. आधी मास्क लावून झोपवायचं, मग सुई. सकाळी उपाशी ठेवायचं आहे, ते जमेल. आमच्या घरात पोर हट्ट करत नाही. का करत नाही, ते पुढे लिहितो.

भुलीच्या डॉक्टरबाई चांगल्या आहेत. त्यांनी एक छोटा पारदर्शक मास्क घरी दिला. म्हणाल्या, "खेळात सवय लावा. आधी बाहुलीला, मग आईला, मग तिला. म्हणजे त्या दिवशी घाबरणार नाही." मी लिफ्टच्या मेंटेनन्सचा माणूस, सांगितलेलं तंतोतंत करतो. गेल्या रविवारी बाहुलीला लावला. सान्वी हसली. मग रसिकाला म्हटलं, बस इथे. आणि मास्क घेऊन तिच्या तोंडाकडे हात नेला.

सान्वीने माझ्या मनगटात दात रोवले ते सोडेचना. मी हात झटकला, ती कपाटावर आदळली, उठली, पाण्याची स्टीलची बाटली उचलून माझ्या गुडघ्यावर, पोटावर, मिळेल तिथे हाणत सुटली. लादीवर माझं रक्त, तिच्या दातांना माझं रक्त, आणि तोंडाने एकच, "बाबा, आईचं तोंड नको दाबू. मी गप्प बसते. बघ, मी गप्प बसले."

आणि खरंच बसली. बाटली जागेवर ठेवली, भिंतीला टेकून हाताची घडी घातली.

दवाखान्यात मी सांगितलं, कुत्रा चावला. त्यामुळे रेबीजचं इंजेक्शनही घेऊन आलोय. हसायचं तर हस.

गेल्या भाऊबीजेला तुला रसिकाच्या गळ्यावर वळ दिसला होता. तू विचारलंस, ती "मंगळसूत्र अडकलं" म्हणाली, आणि मी तुला ओवाळणीच्या ताटासकट दाराबाहेर काढलं. दाजी मध्ये पडले तर त्यांच्या कानाखाली वाजवली. ताई, मंगळसूत्र अडकलं नव्हतं. माझा हात होता. शेजारी ऐकतात म्हणून आधी तोंडावर, मग गळ्यावर. एकदाच नाही. त्या वेळी तर ती निळी पडून खाली घसरली तेव्हाच सोडलं. सान्वी पलंगावर बसून बघत होती. मला वाटलं, लहान आहे, विसरेल.

काल भुलीच्या तपासणीला गेलो. डॉक्टरबाईंनी सान्वीच्या तोंडावर मास्क ठेवून पाहिला. हूं नाही की चूं नाही. हात मांडीवर, डोळे माझ्यावर. बाई म्हणाल्या, "किती शहाणी आहे! छान तयारी करून घेतलीत हो बाबा." त्यांचं टेबल उचलून फोडावंसं वाटलं मला. मग त्यांनी विचारलं, "घरी कधी खूप घाबरलीय का? घाबरून झोपलेली मुलं जागी होताना फार तडफडतात, म्हणून विचारते."

मी म्हणालो, नाही. रसिका खाली बघत होती.

कल्याणच्या चाळीत अण्णा आईला मारायचे तेव्हा तू माझे डोळे झाकायचीस. कान झाकायला तुला हात उरत नव्हते. इतकी वर्षं मी समजत होतो की मी अण्णांवर गेलो नाही, कारण मी पट्टा वापरत नाही.

आता काम सांगतो. रसिकाला तो मास्क बघवत नाही. पिशवीतून नुसता काढला तरी तिचा हात गळ्याशी जातो. मी आत गेलो तर सान्वी कालच्यासारखी गप्प बसेल, आणि मला ते बघवणार नाही. तू ये. गुरुवारी साडेसातला, हॉस्पिटलच्या फाटकाशी; पत्ता पाकिटामागे लिहिलाय. आत तू जा. सोबत एक चिठ्ठी जोडलीय, ती डॉक्टरबाईंना दे. मी काय काय केलं ते सगळं त्यात माझ्या सहीने आहे. पोलिसांपर्यंत गेली तरी जाऊ दे.

तिथून दोघींना थेट तुझ्याकडे ने. रसिकाने बॅग भरून पलंगाखाली लपवलीय. काल रात्री बॅग माझ्या हाताला लागली आणि डोक्यात रक्त चढलं, खोटं कशाला बोलू. रसिका झोपली होती. तिच्याकडे दोन पावलं गेलो. मग बॅग होती तशी परत ठेवली आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो. पुढच्या वेळी ठेवेन याची खात्री मला नाही, म्हणून तुला लिहितोय.

मी रस्त्यापलीकडे उभा राहीन. फाटकातून आत आलोच तर वॉचमनला सांग, आणि दाजींची राहिलेली कानाखाली दाजींनी मला द्यावी.

मास्क लावायच्या आधी सान्वीला सांग, बाबा इथे नाही. आईला कोणी काही करणार नाही. रड म्हणावं, ओरड, लाथा मार, चाव. तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला तर बरं वाटेल मला.

'तुझा' लिहून खोडलंय.

विनीत