घोड्याच्या घरात पोचलेलं प्यादं

दादा, आपला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम रविवारी पुन्हा खालच्याच गटात राहिला. हे सातवं वर्ष. या खेपेला वरच्या गटात जायला शेवटचा डाव तेवढा जिंकायचा होता, आणि तो जिंकल्यातच जमा होता. तरी बरोबरी झाली. आईला सांगितलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मंग कशाला करून राह्यली ते? डोळे गेले तुहे त्याच्यापायी." तिचंही खरं आहे. दिवसभर कॉलेजच्या लॅबमध्ये बंद पडलेले कॉम्प्युटर उघडायचे, ऑफिसातून हाक आली की प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा, आणि अंबडला घरी येऊन परत स्क्रीनसमोरच बसायचं. थकले मी. आता तर चिडायचाही कंटाळा येतो.

तुम्हाला या स्पर्धा माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेल्यावर मी त्यात पडले. देशोदेशीचे हौशी लोक आपापला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहून पाठवतात. मग हे प्रोग्रॅम आयोजकाच्या मशीनवर आपसात खेळतात, आणि लिहिणाऱ्यानं आपल्या घरी बसून नुसतं बघायचं. मध्ये बोट घालता येत नाही. पोरीला परीक्षेला बसवून शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहावं, तसं वाटतं. आपला प्रोग्रॅम बारा जणांत बहुतेक दहावा येतो. एकदा अकरावा आला होता, कारण बारावा मध्येच बंद पडला.

बुद्धिबळाची सवय तशी तुमचीच, बापाकडून लेकीला आलेली. घनसावंगीच्या एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर होतात, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी सरळ तुमच्या खोलीत यायचे. टेबलाच्या एका अंगाला गाड्यांचं रजिस्टर, दुसऱ्या अंगाला पट. गाडी लागते, तुम्ही हातातला उंट न ठेवताच माईकवर बोलता, अंबड गाडी फलाटावर आली आहे, आणि माईक बंद करून म्हणता, "शह." ड्रायव्हर उभ्या उभ्या बघतो, एक चाल करतो आणि गाडी घेऊन जातो. पुढची चाल परतीच्या फेरीला. एकेक डाव दोन दोन दिवस चालायचा. पटाला झाडूवाल्या मावशीसुद्धा धक्का लागू द्यायच्या नाहीत.

तुमचे नियम मात्र जुने, गावाकडचे. प्यादं कायम एकच घर सरकणार. आणि पार पलीकडच्या ओळीत पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, तेच मोहरं होणार. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वजीर पाहिजे असेल तर मधल्या दोन घरांपैकी एक गाठायचं. "वजीर असा कुठं बी भेटत न्हाई," तुम्ही म्हणायचात, "बराबर जागी जावं लागतं." मला ते वेदवाक्य वाटायचं. आठवीत असताना जालन्याला शाळांच्या स्पर्धेत मी घोड्याच्या घरात प्यादं पोचवलं आणि ऐटीत घोडा उचलून ठेवला. समोरची मुलगी आधी बघत राहिली, मग हसली. तिथल्या नियमानं मला कुठल्याही घरात वजीर मिळत होता. मी हरले. परत आले ती स्टँडवर उतरल्या उतरल्या, चार ड्रायव्हरांच्या देखत तुम्हाला म्हणाले, "तुमच्यामुळं हरले. तुम्हाला खेळच येत न्हाई."

तुम्ही रजिस्टरात गाडीची वेळ लिहिली. "घरी जाय," म्हणालात, "भाकर झाकून ठिवली आईनं." बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात एका ड्रायव्हरच्या हाती जालन्याहून नव्या नियमांचं पुस्तक मागवून माझ्यासमोर ठेवलंत. "हे शिक. माहं सोड." त्यानंतर माझ्याशी तुम्ही नव्या नियमानं खेळायला लागलात, चुकत, अडखळत, आणि माझ्याकडून हरत. मला तेव्हा नुसता आनंद व्हायचा. आता ते आठवलं की लाज वाटते.

रिटायर झाल्यावर तुमची डावी बाजू गेली. ओळखीचे ड्रायव्हर बदली होऊन पांगले होते. मी कॉलेजातून यायचे तेव्हा तुम्ही एका हातानं पट मांडून बसलेले असायचात. "एक डाव?" आणि मी म्हणायचे, "दमलेय दादा, उद्या." असे किती उद्या झाले ते मी मोजले नाहीत. मग दिवाळीच्या सुट्टीत मी हा प्रोग्रॅम लिहिला, खास तुमच्या जुन्या नियमांचा. "हा दमत नाही," मी म्हणाले, "पाहिजे तेव्हा खेळा." तुम्ही मान डोलावलीत. नंतर रोज संध्याकाळी मी चप्पल काढते न काढते तोच तुम्ही सांगायचात, "आज बी हरलो ग. लई हुशार करून ठिवलं तू त्याला." घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही हेच सांगायचात. माझ्या कामाचं एवढं कौतुक पुढं कोणी केलं नाही.

तर रविवारचं. दुपारचे तीन वाजले होते. समोरच्याकडं नुसता राजा आणि एक प्यादं, आपलं प्यादं पलीकडं पोचायला एकच घर बाकी. तेवढं पोचून वजीर झालं की संपलं. ते पोचलं आणि घोडा झालं. मी स्क्रीनच्या जवळ जाऊन पुन्हा पाहिलं. घोडाच होता. नुसत्या घोड्यानं मात होत नाही. स्क्रीनवर बाजूच्या खिडकीत बघणारे लोक लिहीत असतात, तिथं समोरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसानं विचारलं, यात काही खोल डाव आहे का? मी लिहिलं, चूक आहे.

सोमवारी रजा टाकून चूक शोधली. पुढं मी प्रोग्रॅमला नवे नियम शिकवले, पण तुमच्या प्याद्यांची, कुठल्या घरात कुठलं मोहरं होणार ती यादी एका कोपऱ्यात तशीच राहून गेली होती. वेळ अगदी संपत आली की प्रोग्रॅम विचार सोडून त्या यादीकडं वळत होता. एरवी तशी पाळी येत नव्हती, म्हणून सात वर्षं कळलं नाही. ती यादी मी काढून टाकली. आता प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी वजीर होईल. तुमचं त्यात उरलेलं शेवटचं तेवढंच होतं, आणि ते पुसताना मला रडू आलं. हे पत्रही प्रोग्रॅमच्या आत, त्याच मोकळ्या झालेल्या जागी टाइप करतेय. माणसासाठी लिहिलेल्या अशा टिपा मशीन वाचत नाही, ओलांडून पुढं जातं. शनिवारी पुढच्या स्पर्धेला प्रोग्रॅम पाठवायच्या आधी हेही पुसून टाकीन.

ती यादी शोधताना तुमच्या डावांची नोंदही सापडली. प्रोग्रॅम प्रत्येक डाव आपोआप लिहून ठेवायचा. तुमच्या नावावर एकच डाव आहे, पहिल्या दिवशीचा, मी शेजारी बसले होते तेव्हाचा. सहा चाली. मग मला कॉलेजचा फोन आला होता आणि मी उठले होते. त्यानंतर एकही डाव नाही.

वाचून मला धक्का बसला असं लिहायला हात धजत नाही, दादा. कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून आईनं शिवलेलं कव्हर असायचं, आणि कामावर जाताना त्याच्या नाडीची गाठ मी मारून जायचे. दुहेरी, घट्ट. एका हातानं सुटण्यासारखी ती नव्हती. संध्याकाळी ती तशीच असायची, माझीच गाठ, आणि मला ती रोज दिसायची. तुम्ही म्हणायचात, आज बी हरलो. मी म्हणायचे, उद्या जिंकाल, आणि चहा टाकायला आत जायचे.