माझ्या नावावरचं वहिनीचं घर

मंगळवार, ५ फेब्रुवारी १९७४

दादा जाऊन वरीस झालं. घराचा विषय वहिनीनं आज काढला. म्हणाली, "वन्सं, तुम्ही हाय तवर मला घोर न्हाय, पण पुढं कसं? घर माझ्या नावावर करून द्या की." मी व्हय म्हणायच्या आत हे आतनं ओरडले, "उतारा कुणाच्या नावाचा हाय, ते बघा आधी!"

नाव माझं आहे, खरं आहे. भाऊबंदांनी हिस्सा मागू नये म्हणून दादानं माझ्या नावानं घर घेतलं. मी नुसती कचेरीत गेलते, दाखवलं तिथं सही केली. पैसा सगळा त्याचा.

वहिनी चहा न घेता उठली आणि जाताना माझ्या पाया पडली. मानानं थोरली ती! घर तिचं आणि पाया माझ्या कशाला पडायचं? मला सांज सगळी तेच खुपतंय.

खोटं कशाला लिहू? घर रस्त्यालगत आहे, आपल्या पोराला दुकान निघेल, असं माझ्याही मनात येऊन गेलं. मग ती वाकलेली वहिनी आठवली आणि माझीच मला लाज वाटली.

जेवताना यांना सांगितलं, "उद्या वहिनीला घेऊन वकिलाकडं जाणार हाय."

"मग परत या घरात येऊ नकोस."

"बरं. वहिनी ठेवून घेईल मला तिच्या घरात."

त्यावर यांनी भाकरी मागितली. वाढली.