टोपलीखालचं पीठ

मंगळवार, ७ जानेवारी

दादा गेला. काल. कामावरून परत येताना, शीळ रस्त्यावर, डंपरखाली. खरं वाटत नाही, म्हणून लिहून बघितलं. तरी नाही वाटत.

बुधवार, ८ जानेवारी

काल संध्याकाळी, दादाला हॉलमध्ये जिथे ठेवलेलं, तिथे सरोजआत्याने ताटात तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर टोपली झाकली. आमच्याकडे करतातच. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्माला माणूस गेला म्हणायचं. माझा विश्वास? छे! शाळेत विज्ञान शिकवते मी.

पण आईच्या पोटात परवापासून पाण्याचा थेंब नाही. भिंतीकडे तोंड करून एकच धोशा – "माझा पोर कुठं गेला?"

म्हणून सकाळी कुणी उठायच्या आत मी टोपली उचलली. पीठ कोरं. आत्याने कसंबसंच पसरलेलं, तरी अगदी गुळगुळीत. दिव्याच्या उबेने बसलं असेल. वहिनी रात्रभर त्या दिव्यापाशी बसून होती, ती तोंड धुवायला गेलेली. अगरबत्तीच्या काडीने मी पाखराची दोन पावलं काढली आणि टोपली परत झाकली.

मग सगळ्यांसमोर आत्याने उचलली. "पाखरू झाला गं आपला कमलेश!" आई उठून बसली. दोन घोट चहा प्यायली.

मला लाज वाटली नाही. वहिनी मात्र पिठाकडे अशी बघत होती, जणू तिला कुणी फसवलंय.

रविवार, १९ जानेवारी

दहावं-बारावं उरकलं. ठाकुर्लीला घरी जायचं होतं, जाववत नाही. नवरा म्हणतो, राहा अजून.

गॅलरीत एक साळुंकी येते. आधीही येत असेल, कोण बघत होतं! आता आई तिच्यापुढे भात ठेवते आणि तिच्याशी बोलत स्वतः चार घास खाते. आणि वहिनी टॉवेल घेऊन तिला हाकलते! नवरा गेल्यापासून ही बाई रडलेली नाही. फक्त साळुंकी हाकलते.

"माझा पोर दारान आयलाय, न् ही त्याला हाकलते!" – आई.

"तो नाय तो," – वहिनी. एवढंच. मला तिचा संताप आला.

मंगळवार, २८ जानेवारी

दादाच्या दिशाने साळुंकीला बिस्किट टाकलं. वहिनीने तिच्या थोबाडीत मारली. सात वर्षांत पहिल्यांदा! पोर माझ्या कुशीत येऊन विचारते, "आत्या, पप्पा पक्षी झालेत ना? मग मम्मी त्यांना का मारते?"

काय सांगू? पावलं मी काढली होती.

रविवार, २ फेब्रुवारी

आंबिवलीहून वहिनीचे वडील आले. शिवरामकाका तसे मऊ माणूस. चहाला हात न लावता म्हणाले, "पोरीला न् नातीला नेतो मी."

आई म्हणाली, "ने. जिला माझा पोर नको, ती मना नको."

वहिनीने बॅग भरली. त्यात दादाचे तीन शर्ट. काका मंगळवारी रिक्षा घेऊन येणार.

दिशाची चाल दादासारखी आहे, एक खांदा पाडून. दादाचं घरात आता तेवढंच उरलंय. तेही चाललं – माझ्या काडीमुळे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळेत गेले नाही. वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होती. जाऊन सांगून टाकलं. "ती पावलं मी काढलेली, वहिनी. आईने काहीतरी खावं म्हणून. पीठ कोरं होतं. काही म्हणजे काही नव्हतं."

वाटलं, आता शिव्या घालेल. तिने विचारलं, "कोरं होतं? नक्की?" पुन्हा विचारलं. मग ओल्या कपड्यांच्या बादलीपाशी खाली बसली आणि रडली. इतकी, की शेजारच्या गच्चीतल्या बायका कठड्याशी आल्या. मी तिला धरून बसले. आईला अजून सांगितलेलं नाही. सांगवणार नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी चहा गाळता गाळता वहिनी म्हणाली, "कोरं असणारच, दर्शना. तुझ्या आधी मी टोपली उचललेली. डोळे मिटले आणि पिठावरून हात फिरवला. काय उमटलेलं, बघितलंच नाय. दुसरं कायतरी झाला असता, तर माझ्याकडे परत कसा आला असता? न् सकाळी बघते तर पाखराची पावलं – वाटलं, पुसूनही गेलाच तो."

काकांना फोन करून तिने रिक्षा नको म्हणून सांगितलं. "काय होऊन येईल ठाऊक नाय. आला तर इथेच येईल ना?"

मग भात ठेवला. गॅलरीत साळुंकीला, जिन्यात मांजरीला, उंबऱ्याशी मुंग्यांना.