पाणक्या काय म्हणतो

९ फेब्रुवारी

आलं! दुपारी लॅपटॉपनं सांगितलं होतं — आज संध्याकाळी उस्मानपुरा. आणि दिवेलागणीच्या आत नळाला पाणी. आत्याबाई हंडा घेऊन नळाकडं धावल्या आणि मी मोटर लावायचं सोडून ओट्याला टेकून नुसती हसत उभी.

"काय झालं गं तुला?" त्या म्हणाल्या.

काय सांगणार! मी बनवलेली वस्तू पहिल्यांदा खरं बोलली.

१० फेब्रुवारी

काल धड लिहिताच आलं नाही. आज नीट लिहिते.

सुरुवात श्रेयापासून. आम्ही एमसीए एकत्र केलं. ती चिकलठाण्याकडं एका कंपनीत आहे. लोक नेटवर जे लिहितात — दुकानाबद्दल, बँकेबद्दल, दवाखान्याबद्दल — ते वाचून लोक खूश आहेत की वैतागलेत हे सांगणारे प्रोग्राम तिथं बनवतात. जानेवारीत एका लग्नात भेटली. म्हणाली, "जागा निघणारे. डिग्री कोणी बघत नाही, काय बनवलंस ते विचारतात."

मी म्हटलं, "मेघा झाल्यापासून मी फक्त डबे बनवलेत."

"मग आता दुसरं काही बनव."

घरी येताना रिक्षात तेच डोक्यात. मला एकच गोष्ट पक्की माहितीये — पाण्याची वाट बघणं. दोनदा नोकरी धरली, दोनदा सोडली, ती नळापायी. पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, पण कोणत्या दिवशी, कधी, याचा पत्ता नाही. नवरा, राजकुमार, वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, मेघा शाळेत, सासूबाईंच्या — आत्याबाईंच्या — गुडघ्यांना गच्चीचा जिना झेपत नाही. पाण्याच्या दिवशी कोणीतरी घरात पाहिजे. तो दिवस कोणता ते माहीत नाही, म्हणून रोजच पाहिजे. ती कोणीतरी म्हणजे मी.

आणि अख्खं शहर दिवसभर फोनवर हेच लिहीत असतं! पाणी आलं का. नळ आले का. पानी छूटा क्या. पाणी एका भागातून दुसऱ्या भागात सरकत जातं, आणि त्याच्याबरोबर मेसेजही सरकतात. ते कोणी एकत्र वाचले, तर आपल्याकडं कधी येणार ते कळणारच. म्हणून ते वाचणारा प्रोग्राम लिहिला, आणि भागाभागातल्या ग्रुपच्या प्रमुखांना एकेकाला फोन करून परवानगी घेतली. प्रोग्राम नावं वाचत नाही, फक्त कोणत्या भागातून काय लिहिलं तेवढं वाचतो.

आणि काल तो खरा ठरला. आज कपडे वाळत घालताना सुद्धा मी गुणगुणत होते.

१४ फेब्रुवारी

फजिती!

सकाळी प्रोग्रामनं आमच्याच भागात पाणी आल्याचं सांगितलं. अगदी पक्कं, शंकाच नाही. आत्याबाईंनी नळ सोडला — नुसती हवा. परत सोडला — हवा. मी लॅपटॉपपाशी बसून मेसेज उघडला. पिशोरचे कडूबा म्हणून शेतकरी टेम्पोत माल घेऊन येतात, त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं: "पिशोरचं आलं आलं. पाहिजे त्यांनी गेटपाशी या."

आलं आलं! बिचाऱ्याला वाटलं, पाणी दोनदा आलं.

खाली जाऊन अर्धा किलो आणलं. कडूबांना का हसतेय ते सांगितलं, तर ते म्हणाले, "ताई, आमच्या आल्याला तं पाणीच पाणी लागतं, त्याचं काय लई चुकलं नाय."

१९ फेब्रुवारी

आज दोन चुका. कोणीतरी नान खलियाचा फोटो टाकला, खाली दहा जणांनी लिहिलं — मुँह में पानी आ गया, तोंडाला पाणी सुटलं. प्रोग्राम म्हणे, पाणी सुटलं. ती लगेच दुरुस्त केली.

दुसरी मोठी. पदमपुऱ्याचे सखाराम गुरुजी निवृत्त झाले, त्यांचा निरोप समारंभ झाला. जुने विद्यार्थी एकामागून एक लिहीत होते — डोळ्यात पाणी आलं. प्रोग्रामच्या हिशेबानं पदमपुऱ्यात पूर!

आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या दाण्याचं कूट करत होत्या. म्हणाल्या, "मंग काहून रागावतीस त्याच्यावर? पाणी तं आलंच होतं ना."

बसून त्याला शिकवलं — नुसतं 'पाणी' बघू नको, शेजारचे शब्द बघ. डोळा आहे का, तोंड आहे का, किलो आहे का. माणूस संगतीवरून ओळखतात, शब्दाचंही तेच. चहा दोनदा गार झाला. किती वर्षांनी!

२० फेब्रुवारी

आत्याबाईंनी त्याचं नाव ठेवलं — पाणक्या.

१ मार्च

लागोपाठ बरोबर. आपलं, पदमपुऱ्याचं, ज्योतीनगरचं. वरच्या मजल्यावरच्या सरितानं ग्रुपवर टाकून दिलं की सुलेखाताईकडं पाण्याचा अंदाज कळतो. झालं! भाजीवालीपाशी, जिन्यात, मेघाच्या शाळेच्या गेटवर — "ताई, उद्या येईल का?"

राजकुमार जेवताना म्हणाला, "लोकांना वाटू राहिलं, शहराचं पाणी तूच सोडतीस." पण तो खूश आहे. ड्युटीवरच्या मित्रांना सांगून आलाय, मला ऐकू येतं फोनवर.

श्रेयाला सगळं पाठवलं. तिचं उत्तर — "साहेबांना दाखवते. तयार राहा."

८ मार्च

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

लासूर स्टेशनला आत्याबाईंच्या बहिणीकडं, मालनबाईंकडं, नातीचा साखरपुडा होता. पाणक्या म्हणाला, दोन दिवस पाणी नाही. म्हणून चौघंही गेलो. चौघं मिळून घराबाहेर पडल्याला किती दिवस झाले, आठवत नाही. आत्याबाईंनी जांभळी साडी नेसली. गाडीत मेघा आणि त्या खिडकीसाठी भांडल्या. मालनबाईंनी मला जवळ बसवून सगळ्यांना सांगितलं, "ही आमची सून, कॉम्प्युटरला बोलायला लावती." मी हवेत होते.

परत आलो, तर जिना ओला. सरिता दारातच. "ताई, पाणी येऊन गेलं. तुम्ही नाही म्हणाल्या म्हणून आम्ही पण भावाकडं गेलो होतो. अर्धी बिल्डिंग कोरडी आहे."

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आत्याबाईंनी साडी बदलली, रिकाम्या हंड्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "साखरपुडा लई चांगला झाला." बस एवढंच.

१० मार्च

टँकर आला. मी श्रेयाला लिहिलं, माझं नाव देऊ नको. तिचं उत्तर — "दिलंय. काढणार नाही."

१२ मार्च

चूक कुठं झाली ते सापडलं, पण त्यानं आणखीच हातपाय गळाले.

पाणी आमच्याआधी ज्योतीनगरला जातं. त्या दिवशी तिथले लोक सकाळपासून लिहीत होते — थेंब नाही, अजून थेंब नाही. पाणक्यानं विश्वास ठेवला. सरिताला दाखवलं, तर ती हसली. तिची बहीण त्याच भागात राहते. "ताई, तिथं कोणी खरं लिहीत नाही. आलं म्हणून लिहिलं की पुढच्या गल्लीवाले मोटरी लावतात, मग बहिणीच्या नळाला हवा. पाणी भरून झालं की मग लिहितात."

म्हणजे शब्द बरोबर, अर्थ बरोबर, आणि माणूस खोटा! शेजारचे शब्द बघून खोटं कसं पकडायचं? पाणी येईल या भीतीनं मी आजही घरात, उद्याही घरात. होते तिथंच आले.

१७ मार्च

आज काहीतरी झालं. सावकाश लिहिते, नाहीतर सगळं सांडेल.

सकाळी अचानक पाणी आलं. मी, आत्याबाई, राजकुमार — तिघं धावलो. टाकी, पिंप, हंडे, बादल्या, कुकरसुद्धा. पाणी गेल्यावर ओल्या हातानं फोन घेतला. ग्रुपवर काय धुमाकूळ असेल म्हणून उघडला, तर एकही मेसेज नाही. आमचा ग्रुप! जिथं सुविचार, फुलं, डॉक्टरांचा सल्ला, हरवलेली चप्पल — दिवसभर थांबत नाही. पाणी चालू होतं तेवढा वेळ तिथं शुकशुकाट.

अर्थातच. सगळ्यांचे हात ओले होते!

तशीच लॅपटॉपकडं धावले. आठ मार्चचं ज्योतीनगर उघडलं. सकाळी "थेंब नाही", "थेंब नाही" — आणि मध्येच एक मोठी पोकळी. अख्खा भाग गप्प. मग पुन्हा सुविचार सुरू. मागचे सगळे दिवस काढले. पदमपुरा तसाच. आम्ही तसेच. तोंड खोटं बोलतं, पण बादली हातात असताना फोन धरता येत नाही.

मी इतके दिवस लोक काय लिहितात ते वाचत होते. कधी लिहीत नाहीत, ते वाचायला पाहिजे होतं.

आत्याबाई विचारत होत्या, पोळ्या लाटायच्या का. मी त्यांना मिठीच मारली. "अगं, पीठ हाय हाताला," त्या म्हणाल्या.

१८ मार्च

रोजची शांतता वेगळी, पाण्याची वेगळी. दुपारी लोक झोपतात तेव्हा ग्रुप हळूहळू थंडावतो. पाणी येतं तेव्हा एकदम तुटतो, बोलता बोलता. पाणक्याला आता हा फरक कळतो. क्रिकेटची मॅच असली की मात्र फसतो. मेघानं मॅचचं वेळापत्रक भरून दिलं.

२९ मार्च

बरोबर. आज पण बरोबर. ज्योतीनगर "थेंब नाही" म्हणत होतं, पाणक्या म्हणाला आलंय. सरितानं बहिणीला फोन केला. बहीण म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

९ एप्रिल

मुलाखत. पाय अजून जमिनीवर नाहीत.

राजकुमारनं सुट्टी टाकली होती, घरी थांबायला. निघताना आत्याबाई म्हणाल्या, "घाबरू नको. जे हाय ते सांग." निळी साडी नेसले.

तिथं श्रेया, आणखी दोघं आणि साहेब — सुदर्शन सर. शांत माणूस. मी सगळं दाखवलं, आल्याची गोष्टसुद्धा. बाकीचे हसले, सर हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, जुन्या दिवसांवर कोणताही प्रोग्राम बरोबर दाखवता येतो. आज, आत्ता काय म्हणतो?"

मी पाणक्या चालू केला. पडद्यावर प्रत्येक भागाचा पट्टा हिरवा, म्हणजे गप्पा चालू. काहीच नाही. सर घड्याळाकडं बघत होते, श्रेया माझ्याकडं बघत नव्हती. आणि तेवढ्यात ज्योतीनगरचा हिरवा पट्टा तुटला. एकदम.

मी म्हटलं, "ज्योतीनगरला आत्ता पाणी आलं."

सरांनी मान वर केली. "मी ज्योतीनगरलाच राहतो. ग्रुपवर कोणी लिहिलंय?"

"नाही सर. कोणीच काही लिहीत नाहीये, म्हणून."

त्यांनी बायकोला फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. नाही उचलला. एकजण म्हणाला, बाहेर गेल्या असतील. सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. मी काय उत्तर दिलं, मलाच माहीत नाही.

थोड्या वेळानं फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला. पलीकडून धापा टाकत आवाज, "काय हो, दोन-दोनदा कशाला फोन करता? पाणी आलं होतं, हात ओले होते."

मग सुदर्शन सर हसले. पहिल्यांदाच. फोनमध्ये म्हणाले, "काही नाही, भर तू."

१५ एप्रिल

नोकरी मिळाली. चार मेपासून. सर म्हणाले, गप्प राहण्यावरून ओळखायची ही रीत शोध म्हणून नोंदवू, शोधक म्हणून तुमचंच नाव. ते वाक्य फोनवर तीन वेळा म्हणायला लावलं — रेंज नाही असं खोटंच सांगून. राजकुमारनं पेढे आणले, कडूबांनासुद्धा दिले.

आता पाण्याच्या दिवसाचं काय? आदल्या दिवशी पाणक्या सांगेल, आणि आम्ही दोघं आळीपाळीनं थांबू. म्हणजे जमेल. जमवायचंच.

२८ एप्रिल

कधीपासून ऐकत होतो ती पाण्याची नवी लाइन आमच्या गल्लीत आज जोडली. चिखल, खड्डे, शाळेची रिक्षा कोपऱ्यावरूनच परत. काही फरक पडेल असं कोणालाच वाटत नाही. सरिता म्हणाली, "बघू."

३ मे

नळाला आज पाणी. काल पण होतं. परवा पण. हंडे पालथे पडलेत. सरितानं पाणी चालू असताना ग्रुपवर वांग्याच्या भाजीचा फोटो टाकला आणि पन्नास जण तिला कृती विचारत बसले. पाणक्या सकाळपासून एकच सांगतोय — उस्मानपुरा, पाणी नाही.

मी त्याला बंद केलं. उद्या कामावर जायचंय, आणि घरी कोणीच थांबणार नाही.