बिनपायाचा ससा

१८ डिसेंबर
थंडी उणे एकतीस. निश्चय केला. थर्टी फर्स्टच्या टेबलावर यंदा ससा असेल, मी स्वतः वाढवलेला आणि स्वतः कापलेला. सासरे येफिम सावेल्येविच येणार आहेत. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसाने मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. 'पाहुणे' म्हणतात. का, तर लग्नाच्या वर्षी त्यांनी मला एक कोंबडी कापायला दिली होती आणि ती पुढे म्हातारी होऊन मेली. मी ती सोडली नव्हती. ती सुटली. फरक आहे.
ससे आठ. मी खंबीर.

१९ डिसेंबर
आजच उरकणार होतो. पण खुराड्यापाशी बोटं वाकत नाहीत, सुरी धरणार कशी? डिसिजन घेतला: काम घरातच करायचं. बायकोला सांगितलं. तोन्या म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात रक्ताचा थेंब जरी पडला ना, तर सशाच्या जागी हुकाला तुलाच टांगीन. म्हणजे तत्त्वतः विरोध नाही.

२१ डिसेंबर
सगळे ससे आत आणले. थंडीने आखडलेला ससा कापला तर मांस चिवट होतं, असं कुठेतरी वाचलंय. दोन दिवस ऊब मिळू दे. हॉलच्या दारात व्यायामाचा बार आहे, मागच्या जानेवारीच्या संकल्पातला. त्याला हुक लावला. बार पहिल्यांदाच कामाला आला.

२३ डिसेंबर
सुरीला धार लावली.

२४ डिसेंबर
सुरीला पुन्हा धार लावली. अंगठ्याला बँडेज. एवढ्यावर कुणी दवाखान्यात येतं का, म्हणून नर्स हसली. अशा हाताने कापणं योग्य नाही.

२६ डिसेंबर
सशांनी टीव्हीची वायर खाल्ली. सजवलेल्या झाडाच्या खालच्या फांद्याही. तोन्या म्हणाली, या घरात एक तर ससे राहतील नाहीतर तू. निवड माझ्यावर सोपवली, हा तिचा मोठेपणा.
शेजारची फाइना येऊन गेली. तिचा बोका मार्किझ दोन दिवस घरी आलेला नाही. वेन्या, तुझ्याकडे शिरला असेल तर बघ रे, म्हणाली. बोका राखाडी, लठ्ठ आणि अट्टल चोर. मी मनापासून हळहळलो.

२९ डिसेंबर, संध्याकाळ
फत्ते!
राखाडी ससा निवडला, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता. हातात तोन्याचं लाटणं. पहिला फटका स्टुलाला. दुसरा माझ्या गुडघ्याला. तिसऱ्याला डोळे क्षणभर मिटले (घाम). तेवढ्यात तोन्याने लाटणं हिसकावलं आणि एकच घातला. टेक्निकली फटका तिचा, पण प्लॅनिंग संपूर्ण माझं. आता सोल तरी बाबा, म्हणाली.
सोललं मी एकट्याने. व्हिडिओत मोजा काढावा तसं कातडं निघतं. माझं चिंध्या होऊन निघालं, पण निघालं. आमच्याकडचे लोक सोललेल्या सशाच्या एका पायावर केस तसेच ठेवतात. बाजारातसुद्धा तसाच मांडतात. शुद्ध गावंढळपणा! मी चारही पाय उडवले, शेपूट उडवली, डोकं तर चुलीत घातलं. एकदम सुपरमार्केटमधला माल. कातडं मिठात ठेवलंय. टोपी शिवेन.

१ जानेवारी, दुपार
काल सासरे सकाळीच आले. पडवीत ताटात गोठवून ठेवलेला ससा मी मुद्दाम नेऊन दाखवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, पाहुणे, पाय कुठाय?
कसला पाय, मी विचारलं.
केसांचा पाय, म्हणाले. सोलल्यावर ससा कुठला आणि मांजर कुठलं, देवालाही सांगता येत नाही. म्हणून पाय ठेवतात. शेंबड्या पोराला माहीत असतं हे.
फाइना नेमकी मशरूमच्या लोणच्याची बरणी घेऊन दारात उभी. रंग कोणता होता रे, तिने विचारलं. मी म्हटलं, राखाडी. बरणी फुटली.
पुरावा म्हणून कातडं आणायची कल्पना माझीच. तिने त्या चिंध्या छातीशी धरल्या आणि हंबरडा फोडला, मार्किझ, माझ्या राजा! मी म्हटलं, अहो, कान बघा ना! पण कान चुलीत.
तोन्या म्हणाली, बाबा, ससाच होता तो, मीच तर… मी पटकन तिच्या पायावर पाय दिला. बावीस वर्षांनी सासऱ्यांसमोर बायकोने मारलेला ससा ठेवायचा? तोन्याने माझ्याकडे पाहिलं. बरं, मग भोग, एवढंच म्हणाली.
आंबट सायीतला ससा सुरेख झाला होता. मी एकट्यानेच खाल्ला. बाकीच्यांनी बटाटे खाल्ले आणि माझ्याकडे बघत बसले.

२ जानेवारी
उणे पस्तीस. फाइनाला कातडं पुरायचं होतं. खड्डा अर्थातच मी खणायचा. जमीन लोखंड झालीय. सासऱ्यांनी ती मऊ करायला शेकोटी पेटवली आणि आणखी खोल, आणखी खोल करत उभे राहिले. फाइना म्हणाली, दोन शब्द तरी बोल, मेल्या. मी म्हटलं, चांगला होता. (ससा चांगला होता. मी खोटं बोलत नाही.)
घरी येऊन ससे मोजले. आठातले सात उरलेत. म्हणजे मी निर्दोष आहे. सांगणार कुणाला?

३ जानेवारी
सासरे निघाले. दारात थबकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वेनियामिन.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच नावाने.
म्हणाले, ससा काय, कुणीही मारतं. बोका म्हणजे चपळ जात, बोचकारून काढतो. तुझ्यात एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं. मानलं तुला.
खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. फार थंडी होती, मिटलं. आनंद झाला, खूप झाला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही.
मग म्हणाले, सात तारखेच्या आपल्या नाताळाआधी माझं डुक्कर कापायचंय. माझे हात आता थरथरतात, तूच काप. बाहेर बोटं गोठतात, तेव्हा तुझ्याकडेच घेऊन येतो, घरात.
मी हो म्हणालो. डुक्कर दीडशे किलोचं आहे.
तोन्याला अजून सांगितलेलं नाही.